रात्रीमागे पन्नास डॉलर

अमेरिकेतील मध्यमवर्गाचा अभ्यास करू पाहणाऱ्याने ज्या नमुन्यांकडे दुर्लक्ष करता कामा नये, त्यांत कॅम्परधारकाचा क्रमांक बराच वर लागतो. कॅम्पर म्हणजे झोपायला पलंग, स्वयंपाकाला शेगडी, बसायला कोच आणि कोपऱ्यात शौचालय असलेले चाकांवरचे घर. ते स्वतःच्या इंजिनावर चालत असेल तर त्याला मोटरहोम म्हणतात, दुसऱ्या गाडीमागे ओढावे लागत असेल तर ट्रेलर, आणि पिकअप ट्रकच्या हौद्यात बसवलेल्या जोडणीवर टेकवून ओढावे लागत असेल तर फिफ्थ व्हील. असे घर बाळगणारी कुटुंबे देशात १ कोटी १२ लाख आहेत, असे या उद्योगाच्या संघटनेने २०२१ मध्ये जाहीर केले, आणि त्याच वर्षात सहा लाखांहून अधिक नवी घरे कारखान्यांतून रस्त्यावर आली, त्यांतली बहुतेक इंडियाना राज्यातल्या एल्कहार्ट या गावातून आणि त्याच्या आसपासच्या टापूतून. एवढा मोठा समुदाय एका व्यक्तिचित्रात बसवणे धाडसाचे आहे हे मान्यच केले पाहिजे. परंतु या समुदायातील बहुसंख्यांना एकत्र बांधणारी एक श्रद्धा आहे, आणि ती अशी की कॅम्पर घेतल्यामुळे सुट्टी स्वस्तात पडते.

ही श्रद्धा जाणून घेण्यासाठी कॅम्परधारकाला प्रश्न विचारावा लागत नाही. शेजाऱ्याने हवाईच्या सहलीचा विषय काढला की तो सहानुभूतीने मान हलवतो आणि कॅम्पग्राउंडचे भाडे सांगतो. कॅम्पग्राउंड म्हणजे जिथे सपाट केलेली एक पट्टी, विजेचा खांब, पाण्याचा नळ आणि नशीब असेल तर सांडपाण्याचे तोंड भाड्याने मिळते ती जागा. तिचे एका रात्रीचे भाडे समजा ५० डॉलर असेल आणि हॉटेलच्या खोलीचे २५०, तर रात्रीमागे २०० डॉलर वाचले, हा त्याचा मूळ सिद्धांत होय. या सिद्धांतातले २५० डॉलरचे हॉटेल मात्र नेहमी समुद्रकाठचे असते, त्याला तरणतलाव असतो, आणि कॅम्पर घेण्यापूर्वी कॅम्परधारक त्यात कधीही उतरलेला नसतो. त्या काळात तो मेव्हणीच्या घरी गाद्या टाकून झोपत असे किंवा सकाळचा नाश्ता फुकट देणाऱ्या रस्त्याकडेच्या मोटेलात. जो खर्च कधी केलाच नाही तो वाचवल्याचा आनंद उपभोगण्याची ही क्षमता हेच या सामाजिक प्रकाराचे पहिले लक्षण मानावे लागते.

हिशेबाची दुसरी बाजू मांडणे अवघड नाही, फक्त तिला श्रोता मिळत नाही. समजा ४०,००० डॉलरचा ट्रेलर घेतला, त्यांपैकी ४,००० रोख भरले आणि उरलेले ३६,००० आठ टक्के व्याजाने पंधरा वर्षांच्या कर्जावर घेतले, तर महिन्याचा हप्ता ३४४ डॉलर, म्हणजे वर्षाचे ४,१२८ होतात. त्यात विम्याचे ४०० धरावेत; वसाहतीच्या नियमांनुसार घरासमोर कॅम्पर उभा करायला बहुधा मनाई असते, म्हणून तो गावाबाहेरच्या भाड्याच्या आवारात ठेवण्याचे महिना ८० प्रमाणे ९६० धरावेत; आणि छपराच्या सांध्यांतून गळणारे पाणी, कुरकुरणारी बेअरिंगे, वापर होवो न होवो, वय झाले म्हणून बदलावे लागणारे टायर यांचे वर्षाला ८०० धरावेत, जे अनुभवी लोकांना फारच कमी वाटतील. उद्योगाच्याच पाहणीनुसार २०२१ च्या सुमारास कॅम्परचा मध्यक वापर वर्षाला साधारण २० दिवस होता. मध्यक म्हणजे निम्मे लोक ज्याच्या वर असतात आणि निम्मे खाली तो मधला आकडा. तेव्हा वीस रात्रींचे जागाभाडे १,००० डॉलर मिळवले की एकूण ७,२८८ होतात आणि एक रात्र ३६४ डॉलरला पडते, पेट्रोल वेगळे. एवढ्या पैशांत तरणतलाव असलेले ते हॉटेल मिळाले असते आणि सकाळी अंथरूण दुसऱ्या कुणी आवरले असते.

कॅम्परधारक हे आकडे नाकारत नाही. तो त्यांना निरनिराळ्या खात्यांत पाठवून देतो. हप्ता ही त्याच्या मते गुंतवणूक आहे. कॅम्परची किंमत शोरूमच्या फाटकाबाहेर पडताच घसरू लागते हे त्याला ठाऊक असते, पण ती घसरण खिशातून नोटा काढून मोजावी लागत नाही, म्हणून ती खर्चात येत नाही. ट्रेलर ओढण्यासाठी घेतलेला दणकट पिकअप ट्रक घराच्या खात्यावर जातो, कारण त्यातून वर्षातून एकदा लाकडाच्या फळ्या आणल्या जातात. आणि पिकअप नुसता दारात उभा राहतो हे बायकोच्या लक्षात आल्यावर त्याला काही काम असावे म्हणून ट्रेलर घेतला असा खुलासा होतो. याखेरीज प्राप्तिकराचा एक नियम त्याला तोंडपाठ असतो. झोपण्याची, स्वयंपाकाची आणि शौचाची सोय असलेले वाहन अमेरिकन प्राप्तिकर खाते दुसरे घर म्हणून मान्य करते आणि त्यावरच्या कर्जाचे व्याज, काही मर्यादांत, उत्पन्नातून वजा करू देते. नियम खरा आहे. परंतु त्याचा लाभ आपल्या वजावटी एकेक करून मांडणाऱ्यालाच मिळतो, आणि २०१८ पासून सरसकट मिळणारी ठोक वजावट जवळजवळ दुप्पट झाल्यामुळे बहुतेक करदाते, त्यांत बहुधा कॅम्परधारकही आला, त्या भानगडीत पडतच नाहीत. सवलत त्याने घेतलेली नसते, पण ती आहे एवढ्या ज्ञानाचेही त्याला समाधान असते.

या प्रकारची स्वस्ताई अमेरिकेत नवी नाही. १९१५ नंतरच्या काही उन्हाळ्यांत हेन्री फोर्ड, थॉमस एडिसन आणि टायरवाले हार्वे फायरस्टोन हे मोटारींचा ताफा घेऊन रानात साधेपणाने राहायला जात असत, आणि तो साधेपणा नीट पार पडावा म्हणून बरोबर आचारी, नोकर आणि स्वयंपाकाची वेगळी गाडी असे. १९२१ साली तर राष्ट्राध्यक्ष हार्डिंगही त्यांच्या मुक्कामी येऊन गेले. याउलट १९१९ मध्ये फ्लोरिडातील टँपा येथे ज्यांची संघटना स्थापन झाली ते टिन कॅन टुरिस्ट, म्हणजे डब्यातले अन्न गरम करून खाणारे आणि मोटारीलाच तंबू जोडून राहणारे प्रवासी, खरोखरच काटकसरी होते. हे लोक एक सदरा आणि वीस डॉलरची एक नोट घेऊन येतात आणि जाईपर्यंत ना सदरा बदलतात ना नोट मोडतात, असे फ्लोरिडातले दुकानदार वैतागून म्हणत. आजचा कॅम्परधारक मनाने स्वतःला या दुसऱ्या परंपरेत बसवतो आणि खर्चाने पहिल्या परंपरेत बसतो.

कॅम्परधारकाचे खरे दर्शन संध्याकाळी कॅम्पग्राउंडवर होते. ट्रेलर मागे घेताना चाक डावीकडे फिरवले की त्याचे बूड उजवीकडे जाते, त्यामुळे तीस फुटी घर दोन झाडांच्या मध्ये घालणे हे एकट्याचे काम नसते. बायको मागे उभी राहून हात करते, नवऱ्याला तो हात आरशात दिसत नाही, दिसला तर त्याचा अर्थ थांब असा की ये असा हे कळत नाही, आणि आजूबाजूचे जुने कॅम्परधारक घडीच्या खुर्च्या मुद्दाम त्या बाजूला वळवून हा कार्यक्रम शांतपणे पाहत बसतात. मुक्कामाच्या शेवटी दुसरा विधी असतो. शौचालयाचे पाणी साठते ती ब्लॅक टँक आणि मोरीचे साठते ती ग्रे टँक. आधी ब्लॅक मोकळी करायची, मग ग्रे सोडायची, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी धुऊन निघते, हा क्रम चुकवणाऱ्याला या समाजात क्षमा नाही. बँकेत, शाळेत किंवा सॉफ्टवेअर कंपनीत मानाच्या जागी असलेला गृहस्थ रबरी हातमोजे घालून त्या पन्हाळीसारख्या नळीवर वाकलेला असतो, आणि नळीतल्या पारदर्शक तुकड्यातून प्रवाह स्वच्छ झाला की नाही हे ज्या एकाग्रतेने पाहतो ती त्याच्या कचेरीत कुणी पाहिलेली नसते. थंडी सुरू होण्यापूर्वी नळ फुटू नयेत म्हणून तो सगळ्या जलवाहिन्यांतून गुलाबी रंगाचे गोठणरोधक द्रावण फिरवतो, आणि प्रत्येक तोटीतून गुलाबी धार आली की वर्षाची सुट्टी संपली असे समजतो.

येथे एक सूक्ष्म मुद्दा ध्यानात घ्यावा लागतो. वरच्या हिशेबात वीसऐवजी चाळीस रात्री धरल्या तर एकूण खर्च १,००० डॉलरने वाढून ८,२८८ होतो, पण एक रात्र २०७ डॉलरवर येते. म्हणजे हजार डॉलर जास्त घालवून रात्रीमागे १५७ डॉलर वाचवता येतात. हा शोध ज्याला लागला तो पुन्हा कधी निवांत बसू शकत नाही. शुक्रवारी पाऊस असो, मुलाची परीक्षा असो, कॅम्पर आवारात उभा आहे आणि प्रत्येक न काढलेली रात्र उरलेल्या रात्री महाग करते आहे, या जाणिवेने तो बाहेर पडतो. जागाभाडेही वाचवायचे ठरले की तो बूनडॉकिंगकडे वळतो. सार्वजनिक जमिनीवर वीज, पाणी, गटार यांच्या जोडणीवाचून फुकट मुक्काम करण्याला हे नाव असून ॲरिझोनातील क्वार्ट्झसाइटच्या वाळवंटात हिवाळ्यात अशा मुक्कामींची मोठी वस्ती जमते. फुकट रात्र काढण्यासाठी छपरावर सौर तावदाने, खाली लिथियमच्या बॅटऱ्या आणि साथीला जनरेटर लागतो, त्यांचे काही हजार डॉलर होतात. ते अर्थातच गुंतवणुकीच्या खात्यावर जातात.

अमेरिकेतील मराठी मंडळींत या प्रकाराची एक उपशाखा आढळते. मराठी अभियंता सहसा आधी कॅम्पर भाड्याने घेऊन योसेमिटी किंवा यलोस्टोन गाठतो, परतल्यावर मैलामागे आणि जनरेटरच्या तासामागे लावलेले आकार बिलात वाचतो, आणि भाड्यापेक्षा मालकी बरी हा पिढीजात मराठी निष्कर्ष काढतो. त्याच्या समर्थनात दोन कलमे अधिक असतात. सहा महिन्यांसाठी भारतातून आलेल्या वडिलांना दर तासाला स्वच्छतागृह लागते, आणि आईला बाहेरचे खाणे चालत नाही; तेव्हा कॅम्परमुळे जेवणाचे पैसे वाचतात. वाचतात हे खरेच. पण ते ज्या दोन हातांमुळे वाचतात त्यांची मजुरी वहीत कुठेच नोंदलेली नसते. यलोस्टोनच्या पाइनच्या रानात, दोन फुटी ओट्यावर, हिंग-मोहरीची फोडणी पडताच छताचा धूरसूचक भोंगा ठणाणा करू लागतो, सून एका हाताने झारा आणि दुसऱ्याने टॉवेल हलवते, आणि सासूबाई न राहवून मुलाला म्हणतात, “अरे, फोडण्याच घालायच्या होत्या तर घरची शेगडी काय वाईट होती?” या प्रश्नाला मुलाकडे आकडा नसतो, म्हणून तो खाली उतरून टायरची हवा तपासतो.

निष्पक्षपणासाठी सांगितले पाहिजे की कॅम्पर ज्यांना खरोखर स्वस्त पडतो असे लोक आहेत. उद्योगाच्या संघटनेने करवून घेतलेल्या तौलनिक अभ्यासांत चौघांच्या कुटुंबाला कॅम्परची सहल विमान-हॉटेलपेक्षा स्वस्त ठरते. असे अभ्यास कोण करवून घेतो हे लक्षात ठेवूनही, चौघांची विमानतिकिटे वाचतात हा मुद्दा खोटा म्हणता येत नाही. जुना, लहान, घडीचा ट्रेलर रोखीने घेणारी आणि स्वतःच छपराला डांबर लावणारी निवृत्त शिक्षिका, किंवा उत्तरेतली थंडी चुकवण्यासाठी चारचार महिने दक्षिणेत मुक्काम ठोकणारे वृद्ध जोडपे, यांची एक रात्र कवडीमोलाने पडत असते. परंतु हे लोक हिशेब सांगत हिंडत नाहीत, आणि त्यामुळे प्रस्तुत व्यक्तिचित्राच्या कक्षेबाहेर राहतात.

कक्षेतला कॅम्परधारक चौथ्या वर्षी विक्रेत्याच्या दारात पुन्हा दिसतो, कारण शेजारच्या पट्टीवरच्या कॅम्परची एक भिंत कळ दाबताच बाहेर सरकते आणि आत दिवाणखाना होतो हे त्याने, आणि मुख्य म्हणजे त्याच्या बायकोने, पाहिलेले असते. जुन्या कर्जाचे अजून ३०,००० डॉलर फिटायचे असतात आणि विक्रेता जुन्या ट्रेलरचे, समजा, २२,००० देतो. मधले ८,००० तो उदारपणे नव्या ६०,००० च्या कर्जात मिसळून घेतो, आणि मुदत पंधराऐवजी वीस वर्षे करतो, तेव्हा त्याच आठ टक्क्यांनी हप्ता महिना ५६९ डॉलर होतो. कॅम्परधारक क्षणभर गप्प बसतो. मग तो फोनवरचे गणकयंत्र उघडतो आणि अशा प्रशस्त कॅम्परमध्ये वर्षाला साठ रात्री सहज काढता येतील असे धरून चालतो. त्यासरशी रात्रीमागचा हप्ता २०६ डॉलरवरून ११४ वर उतरतो, आणि एवढी बचत समोर दिसत असताना सही न करणे त्याला उधळपट्टीचे वाटू लागते. वर्षाला तीन आठवडे रजा देणाऱ्या त्याच्या कंपनीला हा हिशेब अजून कळवायचा आहे.