कालियाची कैफियत

दुष्टांची बाजू घेणारा एक मनुष्य प्रत्येक इमारतीत असतोच. आपल्याही इमारतीत असेल, आणि बहुधा तो आपल्या शेजारीच राहत असेल. महाभारताचा विषय निघाला की हा दुर्योधनाच्या वतीने उभा राहतो, रामायण निघाले की कैकेयीची अडचण समजावून सांगतो, आणि पडद्यावर निळू फुले यांनी कोणा गरिबाची जमीन बळकावली, तर सातबाऱ्यावर नाव कोणाचे होते ते आधी पाहावे, असे भर मध्यंतरात सुचवितो. मुलुंड पूर्वेस गव्हाणपाड्यातील आमच्या इमारतीत विधात्याने या जातीचा जो नमुना धाडला आहे, त्यास आम्ही नाना शिरस्तेदार म्हणतो. न्यायालयातील शिरस्तेदारीवरून निवृत्त होऊन त्यांस बराच काळ लोटला. पण फिर्याद आली की कैफियत मागावयाची, हा हाताला लागलेला शिरस्ता काही निवृत्त झाला नाही. हयातभर पुराणांतील दुष्टांचे वकीलपत्र बाळगून असलेल्या या गृहस्थांकडे उतारवयात नवे पक्षकार आले ते नातवाच्या टीव्हीतून, आणि आमच्या यातना तेथून सुरू झाल्या.

हैदराबादच्या राजीव चिलका यांच्या ग्रीन गोल्ड संस्थेने घडविलेली आणि 2008 साली पोगो वाहिनीवर अवतरलेली ‘छोटा भीम’ ही मालिका, ज्या घरात लहान मूल आहे त्या घरास अपरिचित असणे शक्य नाही. सामान्य मनुष्य ती मुलाच्या पोटात चार घास जावेत एवढ्यासाठीच लावतो, आणि स्वतः त्या वेळात वर्तमानपत्र वाचतो. नाना मात्र नातवाच्या शेजारी ताठ बसून मालिकेतल्या ढोलकपूरचे कामकाज डोळ्यांत तेल घालून पाहतात, भाग संपताच टीव्हीचा आवाज बंद करतात, आणि समोर जो कोणी असेल त्यास, मग तो नातू असो, सून असो, गॅसचा सिलिंडर घेऊन आलेला मनुष्य असो, एकच प्रश्न विचारतात: “कालियाची कैफियत कुठे आहे?”

“आता फिर्याद नीट पाहा,” ते मला एकदा लिफ्टचे दार हाताने अडवून म्हणाले. “लाडू कुणाच्या दुकानातले? टुनटुन मौसीच्या. देतं कोण? चुटकी, तेही आईच्या नकळत. खातं कोण? भीम. म्हणजे मुद्देमाल भीमाच्या पोटात, आणि आरोपीच्या पिंजऱ्यात कोण, तर कालिया! भाग संपला की मार खायचा तो त्यानं. एकतर्फी निकाल आहे हा, दुसरं काही नाही.”

“अहो नाना, पण तो दुष्ट आहे,” मी म्हणालो. लिफ्टमध्ये दोन माणसे ताटकळत होती.

“ते कुणी ठरवलं? हेतू काय त्याचा? हेतू सिद्ध झाला का?”

हेतू हे नानांचे आराध्यदैवत. भारतीय साक्षीपुराव्याच्या 1872 च्या कायद्यातील हेतूविषयीचे 8 वे कलम त्यांस गायत्रीमंत्रासारखे मुखोद्गत आहे. तो कायदा 1 जुलै 2024 रोजी पायउतार होऊन त्याच्या जागी नवा अधिनियम आला, ही वार्ता मी त्यांस दिली तेव्हा त्यांनी ती, दूरच्या नातेवाइकाच्या घटस्फोटाची वार्ता ऐकावी तशी, मान हलवून ऐकली आणि अमान्य केली. कालियाचा हेतू त्यांनी शोधला तो थेट आदिपर्वात. कौरवांची पोरे फळांसाठी झाडावर चढली की खाली उभा राहून भीम ते झाड गदागदा हलवी, आणि फळांबरोबर पोरेही खाली येत. नदीत पोहताना दहा-दहांना कवेत धरून तो पाण्याखाली बुडवून ठेवी. दुर्योधनाने विषाचा प्रयोग केला तो त्यानंतर. “म्हणजे प्रथम चिथावणी कुणाची?” नाना विचारतात, आणि उत्तराची वाट न पाहता हैदराबादच्या चित्रकारांनी नायकाचे नाव भीमच का ठेवले, बलदंड कालियास त्याच्याच समोर का उभे केले, या मुद्द्यांवर येतात. इरावती कर्वे यांनी 1967 साली ‘युगान्त’मध्ये महाभारतातील माणसे भाबड्या भक्तीवाचून तपासली, त्या तपासणीची धाव ढोलकपूरच्या वेशीपर्यंत का जाऊ नये, असा त्यांचा बिनतोड सवाल असतो, आणि सर्वांत संतापजनक गोष्ट ही, की त्यावर पटकन देता येईल असे उत्तर मला सापडत नाही.

कालियाचे ढोलू आणि भोलू या जुळ्या साथीदारांशी असलेले संबंध हे त्यांच्या संशोधनाचे स्वतंत्र दालन. जुळ्यांची साक्ष दोन धरावी की एक, यावर त्यांचा निर्णय अद्याप राखून ठेवलेला आहे. ही दोघे कालियाच्या मागे मागे हिंडतात, त्याच्या बढाईस माना डोलवितात, आणि तो तोंडघशी पडला की सर्वांआधी खिदळतात. असे असूनही कालिया त्यांस हाकलून का देत नाही, हा प्रश्न नानांस बरेच दिवस छळीत होता. शेवटी एका दुपारी मिठागर रस्त्यावर, हातात कोथिंबिरीची जुडी असताना, ते एकाएकी थांबून म्हणाले, “पडल्यावर हसायला तरी कुणीतरी लागतं हो,” आणि पुढे चालू लागले.

‘मोटू पतलू’च्या बाबतीत त्यांची भूमिका याहून कडक आहे. दिल्लीच्या ‘लोटपोट’ या बालनियतकालिकातील ही जोडी मुंबईच्या कॉसमॉस-माया संस्थेने 2012 साली निकलोडियन वाहिनीवर आणली. तिच्यातला खलपुरुष जॉन याची महत्त्वाकांक्षा डॉन होण्याची, आणि बोलण्याची तऱ्हा यमके जुळविण्याची. नानांच्या मते जो मनुष्य गुन्हा करताना यमक जुळवितो, त्याचे मन गुन्ह्यात नाही. तो चुकीच्या खात्यात भरती झालेला कवी आहे. इन्स्पेक्टर चिंगम हवेत गोळी झाडतो आणि नारळ त्याच्याच मस्तकावर पडतो, यावर सारी बालप्रजा हसते. नाना विचारतात की सरकारी काडतुसांचा हिशेब कोठे आहे आणि नारळाचा पंचनामा कोणी केला. पण त्यांचा खरा रोष निराळाच आहे. जॉनच्या दोन हस्तकांस नावे नाहीत. एक नंबर वन, दुसरा नंबर टू. “नाव नाही, गाव नाही, मस्टर नाही,” ते उसळून म्हणतात, “यांच्यावर समन्स काढायचं झालं तर बजावणार कुणावर?”

हे सर्व टीव्हीपुरते राहिले असते तर निभावले असते. गेल्या पावसाळ्यात माझ्या न्हाणीघराचे छत पाझरू लागले, तेव्हा वरच्या मजल्यावरील कुटुंबाविरुद्ध मी नानांपाशी गाऱ्हाणे मांडले. त्यांनी ते तासभर, मध्ये एक शब्दही न बोलता ऐकले. इतके लक्षपूर्वक माझे बोलणे माझ्या घरातही कोणी ऐकत नाही. मी कृतार्थ होऊन चहा मागविणार, तोच ते चपला घालीत म्हणाले, “आता वरच्यांची कैफियत घेऊन येतो.” गेले ते दीड तासाने आले, आणि वरच्यांच्या घरचे पोहे उत्तम असतात एवढेच सांगून निघून गेले. छत अजून पाझरते आहे.

दिवाळीनंतर बागेतील चार पितळी नळ एका रात्रीत नाहीसे झाले, आणि रात्रपाळीच्या वॉचमनला काढून टाकण्याचा ठराव घेऊन गच्चीवर विशेष सर्वसाधारण सभा भरली. सभासद सुशिक्षित, दोन तर पदव्युत्तर. तरी वीस मिनिटांत त्या मनुष्याचे दारूचे व्यसन, भंगारवाल्याशी संगनमत आणि नजरेतील लबाडी ही तिन्ही सर्वानुमते सिद्ध झाली. त्याच्याशी कधी चार वाक्ये बोललेला मनुष्य मात्र त्या गच्चीवर आढळला नसता. ठराव मतास टाकणार, इतक्यात नाना उभे राहिले.

“याची कैफियत?”

गच्चीवर हशा पिकला. “नाना, हे ढोलकपूर नव्हे!” कोणीतरी म्हणाले, आणि हशा दुप्पट झाला. नाना हशा ओसरेपर्यंत उभे राहिले, मग स्वतः खाली जाऊन त्या मनुष्यास वर घेऊन आले, स्वतःच्या खुर्चीवर त्यास बसविले, फुलस्केप कागद मांडीवर घेतला आणि नियमाप्रमाणे पहिला प्रश्न नावाचा विचारावा म्हणून चिटणिसांकडे पाहिले. चिटणिसांनी पगाराचे रजिस्टर उघडले. तेथे सहा वर्षे दरमहा एकच नोंद होती: वॉचमन 2. मी नानांकडे पाहण्याचे टाळले.

कैफियत अर्धा तास चालली. पहिला वॉचमन गावी गेल्याने हा दोन्ही पाळ्या करीत होता; आणि नळ गेले त्या पहाटे तो फाटकावर नव्हता हे खरे, कारण कार्यकारिणीतीलच एका सदस्याची गाडी तो मागच्या अंगणात धूत होता, जशी रोज धुतो, महिना तीनशे रुपयांत. एवढे झाल्यावर सभेस एकाएकी उशीर होऊ लागला. नानांनी मात्र सर्व मजकूर वळणदार अक्षरांत उतरविला, शेवटी “वाचून दाखविले, बरोबर आहे” असे लिहिले, खरोखरच सारा वाचून दाखविला, खाली त्या मनुष्याची सही घेतली, आणि कागद इतिवृत्तास जोडण्याचा आग्रह धरला. बिदागी म्हणून त्यांस त्या रात्री कार्यकारिणीच्या सहा शत्रूंची प्राप्ती झाली.

माणूस तऱ्हेवाईक, हट्टी, आणि लिफ्टचे दार अडवून ठेवणारा; याबद्दल माझे मत आजही बदललेले नाही. पण त्यांनी सहा वर्षांत प्रथमच त्या रजिस्टरात एक नाव लिहविले, हे नोंदविणे भाग आहे.

वॉचमनला काढण्याचा ठराव त्याच रात्री बहुमताने संमत झाला. विरुद्ध मते दोन पडली. पहिले नानांचे, दुसरे कोणाचे हे इतिवृत्तात नमूद नाही, आणि वरच्या मजल्याशी माझा वाद अद्याप प्रलंबित असल्यामुळे मीही ते येथे नमूद करीत नाही.