पद्मिनीचा रविवार

आमच्या सोसायटीतल्या नानांकडे प्रीमियर पद्मिनी आहे. ‘आहे’ म्हणजे उभी आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची काळी-पिवळी पद्मिनी निवृत्त झाली, तेव्हा नानांनी सुतक पाळलं आणि दुसऱ्याच दिवशी सुट्या भागांसाठी भंगारबाजारात चक्कर टाकली.

दर रविवारी बॉनेट उघडून पूजा मांडली जाते. डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट पॉलिश पेपरने घासायचे, मग त्यांच्यातली फट मोजायची. फीलर गेज केव्हाच हरवला. त्याजागी लग्नपत्रिकेचा तुकडा. पत्रिका जाड हवी. हल्ली लोक आमंत्रणं मोबाइलवर पाठवतात, त्यामुळे इंजिनाचं टायमिंग बिघडतं, असं नानांचं स्पष्ट मत आहे.

मेकॅनिकला हात लावू देत नाहीत. त्या पोराने चोक म्हणजे काय विचारलं, तिथेच तो नापास. स्टिअरिंगला गिअर पाहून तर तो हसलाच होता म्हणे!

कुर्ल्यात जन्मलेल्या या बाईसाहेबांना मे महिना सोसत नाही. पेट्रोलची नळीतच वाफ होते आणि १०८९ सीसीचा सगळा रुबाब सिग्नलवर थांबतो. मग फ्युएल पंपावर ओला फडका, तापातल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा. फडका अर्थात काकूंच्या ओट्यावरचा.

काकू बाजारात रिक्षाने जातात. नाना गेटपर्यंत सोडायला येतात, त्याच फडक्याला हात पुसत.