मांडूच्या गोरखचिंचेवरील शिलालेखकारांस



मांडूत गोरखचिंचेच्या खोडावर तुमचं नाव वाचलं. नुसतं नाव असतं तर पुढे गेलो असतो. पण खाली ठळक अक्षरांत 'धुळे' कोरलेलं. परमुलखात गाववाला भेटला की बोलणं आलंच.

आग्रा रोडने शिरपूर ओलांडायचं, बिजासनीचा घाट चढायचा, खलघाटला नर्मदा पार करायची, मग मांडूचा डोंगर. एवढ्या वाटेला लोक कळण्याची भाकरी आणि ठेचा बांधून घेतात. तुम्ही चाकूही घेतलात. दाद देतो.

झाडही पारखून निवडलंत. मूळचं आफ्रिकेचं, पोटात पाणी साठवणारं, म्हणून खोड मऊ. जहाज महालाची भिंत सोडलीत, हेही शहाणपणाचं. संरक्षित वास्तू विद्रूप केली तर १९५८च्या कायद्यात २०१० साली झालेल्या दुरुस्तीनुसार २ वर्षांपर्यंत कैद, १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. भिंतीच्या पाठीशी कायदा. झाडाच्या अंगावर फक्त साल.

कुणी नावं ठेवलीच तर इतिहास ऐकवा. १५६१ साली अकबराच्या फौजेपुढून पळालेल्या मांडूच्या सुलतान बाजबहादुराला आसरा दिला तो आपल्या खानदेशानं. मांडूकडची ती उधारी तुम्ही सव्याज वसूल केलीत.

एक सांगायचं राहिलं. झाडाबरोबर आपलं नावही वर जाईल, अशी आशा असेल तर सोडा. झाड शेंड्याकडून वाढतं. खोडावरची खूण आहे त्याच उंचीवर राहते. खोड जाड होतं, तशी अक्षरंही लग्नानंतरच्या पोटासारखी आडवी सुटत जातात. नातवाला नाव दाखवायला न्याल, तेव्हा तो विचारेल, "आजोबा, या झाडाला खरूज झाली का हो?"

तुमची अडचणही समजते. सुरत-नागपूर महामार्ग रुंद होताना आपल्याकडचे रस्त्याकाठचे जुने कडुनिंब गेले. कोरायला घरचं म्हातारं खोड आणायचं कुठून?

म्हणून विनंती एवढीच. पुन्हा मांडूला जाल तेव्हा बाजारातून त्या झाडाचं आंबट फळ विकत आणा. चार पैसे तिथल्या माणसाला मिळतील. आणि चाकू घरी ठेवा. भरताची वांगी भाजण्याआधी त्यांना टोचे मारायला तो लागतोच.

आपला,
एक धुळेकर