जंतांची शाळा

राज्यातल्या शाळांचा दर्जा घसरल्याची ओरड कायम चालू असते. पण शेळीच्या चौथ्या पोटात एक शाळा बारमाही भरते आणि तिचा निकाल दरवर्षी चढताच असतो. विद्यार्थी आहे हिमॉन्कस, रक्त पिणारा जंत. एकटा दिवसाला जेमतेम 0.05 मिलिलिटर पितो. पण हजार जंत झाले की 50 मिलिलिटर गेलं! पंचवीस किलोच्या शेळीच्या अंगात रक्त असतं पावणेदोन लिटरच्या आसपास. मग पापण्या पांढऱ्या पडतात, जबड्याखाली पाणी साचून सूज लोंबते आणि मालक म्हणतो, "नजर लागली."

जंतांना औषध पचवायला शिकवणारे या शाळेतले गुरुजी आपणच. पहिला धडा: वजन न करता अंदाजानं कमी औषध पाजायचं, म्हणजे चिवट जंत तेवढे उरतात. दुसरा: मेंढीची मात्रा शेळीला द्यायची. शेळीचं शरीर औषध लवकर बाहेर टाकतं, तिला ती मात्रा पुरत नाही. तिसरा: वर्षानुवर्षं तीच बाटली. चौथा: आख्ख्या कळपाला एकाच दिवशी पाजून ताज्या कुरणात सोडायचं. मग लेंड्यांतून तिथं अंडी पडतात ती फक्त औषध पचवलेल्या जंतांची. पावसाची ओल मिळाली की त्यांची पिल्लं गवताच्या पात्यावर चढून पुढच्या शेळीची वाट बघतात.

विद्यार्थी हुशार आहे, हे जगाला कधीच कळलंय. थायाबेंडाझोल हे जंतनाशक 1961 साली बाजारात आलं आणि 1964 पर्यंत अमेरिकेत त्याला न जुमानणारे हिमॉन्कस सापडलेही. औषधं हरू लागल्यावर दक्षिण आफ्रिकेनं 'फमाचा' नावाचा साधा रंगतक्ता काढला. खालची पापणी ओढून आतला रंग पाच छटांशी ताडायचा. लालबुंद असेल तर औषध नको, फिकट असेल तर द्यायचं. कळपातले बहुतेक जंत मोजक्याच जनावरांत असतात; बाकीच्यांना उगाच पाजणं म्हणजे जंतांची फुकट शिकवणी.

आपल्याकडे मात्र किती शेळ्यांना पाजलं याचा आकडा छापून येतो. किती जंत मेले, हे कुणी विचारत नाही. ते लेंडीतली अंडी औषधाआधी आणि दहा-चौदा दिवसांनी मोजली तरच कळतं. पापणी फक्त रक्तपित्या जंतांची चुगली करते, बाकीच्यांसाठीही लेंडीच तपासावी लागते.

तेव्हा शेळीपालकांनो, आधी पापणी बघा, लेंडी तपासा, शेळी काट्यावर चढवा आणि शेळीची मात्रा डॉक्टरांना विचारा. बाटलीचं बूच त्यानंतर उघडा.