ट्रायपॉड घेतला, पाणी ठेवलं

मे संपत आला की शनिवारी दुपारी कर्जत स्टेशनवर सॅकच्या कडेला ट्रायपॉड बांधलेली मंडळी उतरू लागतात. काजव्यांचे दिवस. कोंदिवडे, मग कोंढाणे लेणी आणि तिथून राजमाचीचा तीन-चार तासांचा चढ.

ट्रायपॉड घरी ठेवा म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. काजव्यांसाठी शटर पंधरा ते तीस सेकंद उघडं ठेवावं लागतं, तेवढा वेळ कुणाचाच हात स्थिर राहत नाही. हलका म्हणून आणलेला, वाऱ्याने थरथरणारा ट्रायपॉड तर नेऊच नये. (आणि वर पोचल्यावर टॉर्च विझवा. नर काजवा चमकून मादीला हाक देतो, तुमच्या झोतात ती हाक बुडते.)

माझं भांडण सॅक भरण्याशी आहे. ॲल्युमिनियमचा बरा ट्रायपॉड दोन-अडीच किलोंचा. कॅमेरा आणि दोन लेन्स मिळून जवळपास तेवढंच. सॅक उचलून बघितली की जड लागते, मग काहीतरी बाहेर काढायचं ठरतं. लेन्स कुणी काढत नाही. पाणी काढतात. एक लिटर कमी केलं की एक किलो हलकं, हिशेब सोपा. चार लिटर लागतील अशा उकाड्यात दीड लिटर घेऊन माणसं निघतात. ‘वाटेत वाडी आहे, मिळेल.’

मिळतं. वाडीवर पाणी मागणाऱ्याला नाही म्हणायची रीत नाही. पण काजव्यांचा हंगाम आणि पाणीटंचाईचा हंगाम एकच आहे. पावसाळ्यात मुसळधार झेलणाऱ्या कर्जत-खालापूरच्या डोंगरवाड्यांवर मेमध्ये विहिरी तळाला जातात, बायका हंड्यावर कळशी ठेवून चढ चढतात. तुम्ही सॅकमधून काढलेले ते दोन-अडीच किलो कमी झालेले नसतात, त्या बाईच्या डोक्यावर गेलेले असतात. खालापुरातल्याच मोरबे धरणाचं पाणी नवी मुंबईच्या नळाला येतं. तिथून निघताना बाटल्या भरायला कितीसा वेळ लागतो?

सॅकमध्ये आधी पाणी भरा. मग ट्रायपॉड. उरलेल्या जागेत मावेल तेवढाच कॅमेरा. काजव्यांना एक वाइड लेन्स पुरते, दुसरी घरी राहू द्या. चौघांनी चार ट्रायपॉड वाहण्यापेक्षा दोन न्या आणि आळीपाळीने लावा. फोटो दोन कमी निघतील, निघू द्या.

हे मी चुकून शिकलो. काही वर्षांपूर्वी संध्याकाळी चढताना एका घरापाशी थांबलो, बाटली रिकामी. घरातल्या बाईने तांब्याभर पाणी दिलं, बाटली भरून दिली आणि सॅकच्या खिशातल्या दुसऱ्या बाटलीकडे बघून विचारलं, “ती पण भरू का?” मी ती पुढे केली.

सकाळी उतरताना ती बाई ओढ्याच्या कोरड्या पात्रात दिसली. वाळूत खणलेल्या डवऱ्यात वाटी बुडवायची, हंड्यात रिकामी करायची, पुन्हा पाणी झिरपेपर्यंत बसून राहायचं. हंडा अर्धाही भरला नव्हता.