तात्याचा माणूस

चाळिशीला टेकलेला हा गृहस्थ तुमच्याही ओळखीत असणारच. बँकेत किंवा आयटीत बऱ्या हुद्द्यावर असतो, घराचे हप्ते वेळेवर भरतो, सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाण्याच्या टाकीवर पोटतिडकीने बोलतो. पण रविवारी दुपारी चॅनल बदलता बदलता 'झपाटलेला' लागलेला दिसला, की पहिल्यांदा रिमोट मांडीखाली घेतो. सिनेमा पेनड्राइव्हवर आहेच त्याच्याकडे. पण आपण होऊन टीव्हीवर आलेल्या तात्या विंचूची गोष्टच वेगळी, असं त्याचं म्हणणं. आपण लावला तर तो सिनेमा. आपोआप लागला तर ते दर्शन.

महेश कोठाऱ्यांचा हा सिनेमा १९९३चा. हा तेव्हा दुसरी-तिसरीत. तात्या विंचू या मरणाऱ्या गुंडाचा आत्मा मंत्राच्या जोरावर बाहुल्यात शिरतो आणि मग तो बाहुला साध्याभोळ्या लक्ष्याच्या शरीरात घुसायला बघतो, एवढी गोष्ट. एवढ्यावर महाराष्ट्रातल्या एका अख्ख्या पिढीने शोकेसमधल्या बाहुल्या भिंतीकडे तोंड करून ठेवल्या. याच्या ताईची डोळे मिटणारी बाहुली तेव्हा माळ्यावर गेली ती अजून तिथेच आहे. मध्ये दोनदा घराला रंग दिला, पण त्या कोपऱ्यातलं सामान काही हललं नाही.

भीती गेली, पण जाताना अभ्यास मागे ठेवून गेली. आता तो सिनेमा थांबवून थांबवून दाखवतो. "हे बघ, इथे खाट मध्ये आली. का आली? खाली पाध्ये! इथे टेबल. टेबलाआड पाध्ये!" तात्याच्या बाहुल्याला हलवणाऱ्या रामदास पाध्यांवर त्याची अपार श्रद्धा. ज्या घरात यशवंत पाध्यांचा अर्धवटराव नांदला त्याच घरातून तात्या विंचूही निघावा, लिज्जत पापडाचा ससाही यावा, याचं त्याला फार कौतुक. तात्याची मान किती अंशात वळते, ओठ कधी हलले आणि कधी नुसता कॅमेरा हलला, हे तो पोहे खाता खाता सांगतो. मात्र बायकोने सहज म्हणावं, "बाहुला तर आहे, अहो," की चमचा बशीत आपटलाच. बाहुला आहे हे त्याने म्हणायचं असतं. दुसऱ्याने म्हटलं की तो तात्याचा अपमान.

ऑफिसात एक्सेल अडकलं की तो सिनेमातल्या इन्स्पेक्टर महेश जाधवच्या ठसक्यात 'डॅम इट' म्हणतो. नवीन पोरांना वाटतं, साहेब इंग्रजीत चिडले.

याच पोरांतला एखादा चहाच्या टपरीवर म्हणतो, "सर, ते इंग्लिश पिक्चरवरून उचललंय ना?" आता 'चाइल्ड्स प्ले' १९८८चा आहे, त्यातही गुन्हेगाराचा आत्मा चकी नावाच्या बाहुल्यात जातो, आणि ज्याला पहिल्यांदा आपलं गुपित सांगितलं त्याच्याच अंगात त्यालाही शिरावं लागतं. एवढं साम्य योगायोगाने येत नाही, हे मलाही कळतं. पण याच्याकडे वकिली तयार असते. "चकीच्या काळजात गोळी घातली की खेळ खलास. आपल्या तात्याला बरोबर दोन भुवयांच्या मध्ये लागावी लागते. आज्ञाचक्र! अमेरिकेत कुणाला ठाऊक तरी आहे का ते? बरं, चकीकडे कुबड्या खवीससारखा साथीदार आहे? नाही ना? मग विषय मिटला." टपरीवाला पैसे मागतो, तो विषय मात्र मिटत नाही.

तात्या झालेल्या दिलीप प्रभावळकरांनी तर याचं आयुष्यच अवघड करून ठेवलंय. घरचे सगळे 'श्रीयुत गंगाधर टिपरे' बघताना आबांच्या प्रेमात. हा आबा खोकले तरी दचकायचा. २००६ साली 'लगे रहो मुन्नाभाई' लागला. थिएटर भारावलेलं, पडद्यावर गांधीजी शांतपणे अहिंसा सांगतायत, आणि हा खुर्चीचा हात घट्ट धरून वाट बघतोय की आता हे तात्याचं 'ओम फट् स्वाहा' म्हणणार.

दुसऱ्या भागाबद्दल विचारू नका. २०१३चा 'झपाटलेला २' थ्रीडी होता. तात्या चष्मा लावून बघायचा? लक्ष्याशिवाय बघायचा? लक्ष्मीकांत बेर्डे २००४ सालीच गेले, त्याला कोठारे तरी काय करणार, हे यालाही पटतं; पण पटणं वेगळं, माफ करणं वेगळं. शिव्या देत देत पहिल्याच दिवशी बघून आला, चष्मा परत करायला विसरला. तिसऱ्या भागाची घोषणा झाल्यापासून तो आगाऊ नाराज आहे. तिकीट पहिल्या दिवसाचंच काढेल.

परवा त्याने आपल्या आठ वर्षांच्या चिरंजिवांना दीक्षा द्यायचं ठरवलं. पडदे ओढले, दिवे घालवले, मला साक्षीला बसवलं. तात्याने डोळे फिरवले. चिरंजिवांनी विचारलं, "बाबा, ह्याला चार्जिंग कुठून करतात?" थोड्या वेळाने तो माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "काका, बाबांना भीती वाटतेय का?" आणि आत खेळायला निघून गेला.

"आजची पिढी दगड आहे," याने जाहीर केलं. "मी ह्याच्या वयाचा असताना हा सीन एकट्याने, डोळ्याची पापणी न हलवता..."

"कुणी? तू?" कोपऱ्यातल्या खुर्चीतून त्याची आई म्हणाली. "तोंड माझ्या पदरात होतं तुझं. 'आई, गेला का? आई, गेला का?' मारामारी, मंत्र, सगळं मी बघायचे आणि तुला रात्री सांगायचे. मध्ये मध्ये माझ्या मनाचंही घालायचे थोडं."

म्हणजे ज्या प्रसंगांवर हा गेली तीस वर्षं प्रवचनं देतोय, त्यांतले काही कोठाऱ्यांनी कधी काढलेलेच नाहीत! हा आईकडे बघतच राहिला. कुठले, हे विचारायला त्याने तोंड उघडलं.

"नंतर विचार," माउली म्हणाली. "आणि आधी तिकडे सरक. कुबड्या खवीस आलाय, मला दिसत नाहीये."