क्षमा ऐकायला थांबणारे

साहेबांकडे काम असेल तर आधी साहेब आल्यापासून कचेरी कशी सुधारली ते बोलावं, मग हळूच आपली फाईल पुढे सरकवावी, हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. धारच्या कलेक्टर कचेरीत उभी हयात घालवलेले आमचे एक स्नेही ख्रिसमसला चर्चमध्ये येतात. उपासनेचा क्रम त्यांना पहिल्याच वेळी पटला. आधी देवाची स्तुती, मग पापांची कबुली, मग क्षमेचं आश्वासन. म्हणजे आधी लोणी, मग अर्ज, मग मंजुरी. ‘तुमच्याकडे मंजुरी त्याच दिवशी मिळते, एवढाच फरक,’ असं ते म्हणतात.

त्यांचा हेवा समजण्यासारखा आहे. पण हा क्रम कचेरीतून आलेला नाही. तो यशयाच्या सहाव्या अध्यायात सापडतो. उज्जीया राजा वारला त्या वर्षी यशयाला मंदिरात देवाचं दर्शन झालं. सराफीम नावाचे सहा पंखांचे देवदूत देवाचं पावित्र्य गात होते, उंबरे हादरत होते, मंदिर धुराने भरलं होतं. अशा वेळी दुसरा कुणी असता तर त्याने दोन मागण्या मांडून घेतल्या असत्या. यशयाला मात्र आपले ओठ आठवले, आणि आजवर त्यांतून काय काय बाहेर पडलं ते. मग एका सराफाने वेदीवरचा निखारा चिमट्याने आणून त्याच्या ओठांना लावला आणि तुझं पाप गेलं असं सांगितलं. ‘खोटं बोललास तर जिभेला चटका देईन’ असं आम्हाला दिवसातून दोनदा बजावणाऱ्या आजीला हा अध्याय फार आवडायचा. तिच्या दृष्टीने त्यात शास्त्राधार होता.

धारला ही उपासना कॅनडामार्गे आली. तिथल्या प्रेस्बिटेरियन मिशनने १८७७ मध्ये इंदूर-महूकडे बस्तान बसवलं. १८९५ साली डॉ. मार्गारेट ओहारा धारला आल्या आणि पवारांच्या संस्थानात मिशनच्या दवाखान्याचं काम सुरू झालं. पुढे चारच वर्षांत छप्पनचा दुष्काळ पडला. विक्रम संवत १९५६ म्हणजे इंग्रजी १८९९-१९००. माळव्यात त्याची आठवण अजून निघते. दुष्काळात अनाथ झालेली कितीतरी मुलं तेव्हा मिशनच्या अंगणात वाढली. ओहाराबाई धारला आल्या त्याच वर्षी, १८९५ च्या फेब्रुवारीत, तिकडे मुंबईत कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा झाला होता. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. तो पुढे आमच्या घरात आला. आजोबा नगरकडून दवाखान्यात कंपाउंडर म्हणून आले, तेव्हा त्यांच्या ट्रंकेत टिळकांची पदं होती.

चर्चमधली उपासना हिंदीत आणि घरातली मराठीत. त्यामुळे आमच्याकडे स्तुती व्हायची ती मराठीत, अभंगाच्या चालीवर, पेटीच्या साथीने. पापं मात्र रविवारी सकाळी हिंदीत. आजीची यावर कायमची तक्रार होती. ‘चांगलं बोलतो ते चार घरांना कळतं, आणि पापं तेवढी साऱ्या गावाला समजतील अशा भाषेत!’

तिचा आक्षेप भाषेवर होता, कबुलीवर नव्हता. मराठी माणसाला कबुलीचं वावडं असायचं कारणही नाही. तुकोबांनी स्वतःविषयी जे लिहून ठेवलं आहे, त्यापुढे कुठल्याही मिशनचा पापांगीकार मवाळच वाटेल. टिळक तर आपण तुकोबांच्याच पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं सांगत. पूजेच्या शेवटीही आपण क्षमा मागतोच: आवाहन येत नाही, पूजा येत नाही, विसर्जनही येत नाही, सांभाळून घ्या. एवढं सगळं येत नसताना दोन तास काय केलं, असं देव विचारत नाही, आणि आपण प्रसादाकडे वळतो. माळव्यातले जैन शेजारी संवत्सरीला घरोघर जाऊन क्षमा मागायचे. आता एकच निरोप फोनवर सगळ्यांना जातो, उसने पैसे घेऊन बसलेल्यालाही आणि ज्याचे घेतले आहेत त्यालाही.

आमच्या उपासनेत या सगळ्याहून एक गोष्ट जास्तीची आहे. कबुली संपली की कुणीतरी उभं राहून सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगतं, की क्षमा झाली. वसईच्या कॅथलिक मंडळींची कबुली फादरांच्या कानात होते आणि तिथे फादर पापमोचन देतात. आमच्या पाळकसाहेबांना तेवढा अधिकार नाही. ते शास्त्रातलं वचन वाचतात आणि त्याच्या जोरावर सांगतात. पण सांगतात ठणठणीत.

त्याआधी पाळकसाहेब म्हणतात, आता आपण क्षणभर शांत राहून आपापली पापं आठवू या. पंखा करकरत असतो. कुणाच्या तरी पिशवीतली प्लास्टिकची थैली वाजते. मी डोळे मिटून आठवडा आठवायला लागतो, आणि डोळ्यांपुढे येतो तो तिसऱ्या बाकावरच्या गृहस्थांचा आठवडा. त्यांनी नळाच्या पाण्याला लावलेली मोटर, लग्नात केलेला शेरा, सगळं तारीखवार आठवतं. त्यांची यादी संपून माझ्यावर यावं, तोच पाळकसाहेब घसा साफ करतात. मग सगळे एका सुरात ‘आम्ही’ पाप केलं असं म्हणतो. या ‘आम्ही’त मोठी सोय आहे. मोटर त्यांची असते, पण वाटा सगळ्यांनी घेतलेला असतो, आणि प्रत्येक जण आपल्या वाट्याला फार थोडं आलं या समाधानात खाली बसतो.

क्षमेचं वचन येईस्तोवर मात्र अर्धी मंडळी दुसरीकडे गेलेली असते. कुणी गीतांच्या पुस्तकात पुढचा क्रमांक शोधत असतं, कुणी दानासाठी सुटे पैसे. याला फक्त धारकरांना बोल लावण्यात अर्थ नाही. ज्याच्या शिकवणीतून प्रेस्बिटेरियन पंथ उभा राहिला, त्या कॅल्विनसारख्या कॅल्विनला जिनीव्हात हाच त्रास झाला. १५३८ ते १५४१ तो स्ट्रासबुर्गला होता. तिथे कबुलीनंतर क्षमेचं वचन सांगत. जिनीव्हातही ते असावं असं त्याला वाटे. पण नवी पद्धत लोकांना खटकेल अशी काहींना भीती होती, आणि त्याने ऐकून घेतलं. पुढे त्यानेच लिहून ठेवलं की आता बदल करायची वेळही राहिली नाही, कारण कबुली संपायच्या आधीच बहुतेक लोक उठून उभे राहायला लागतात. साऱ्या युरोपाला वळण लावणाऱ्या माणसाला आपल्या मंडळीला दोन मिनिटं गुडघ्यांवर थांबवता आलं नाही, हे वाचून आमच्या पाळकसाहेबांना भरून आलं असतं.

लोक घाई का करतात, याचं उत्तर मला आमच्या आजीमुळे मिळालं. पाप केलं असं मोघमात म्हणायला काही लागत नाही. क्षमा मात्र अंगाला येऊन चिकटते. ती घेतली की पुढचं काहीतरी करावं लागतं.

आजीकडे सासूबाईंचं तांब्याचं घंगाळ होतं. दोन बाजूंना कड्या आणि एका अंगाला पोचा. ते मोठ्या सुनेकडे जायचं होतं, पण वाटणीच्या दिवशी ते आजीच्या न्हाणीघरात पाण्याने भरलेलं सापडलं आणि तिथेच राहिलं. ती मोठी सून, म्हणजे आमची मोठी आजीही आमच्याच चर्चला यायची. दोघी दर रविवारी पापं कबूल करायच्या, दर रविवारी दोघींना क्षमा मिळायची, आणि दोघी वेगवेगळ्या दारांनी बाहेर पडायच्या.

१९७० साली नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली आणि वेगवेगळ्या मिशनांच्या मंडळ्या एक झाल्या. कालांतराने प्रभुभोजनाआधी शेजाऱ्याला शांतीचा सलाम करायची पद्धत आमच्याकडेही रुळली. एका रविवारी उशीर झाल्यामुळे आजीला जागा मिळाली ती नेमकी जावेच्या शेजारी. सगळे एकमेकांना सलाम करत होते. आजीने हात पुढे केला.

‘जाऊबाई, सलाम. मनात काही ठेवू नका.’

‘सलाम गं. मी काय ठेवणार? देवानं माफ केलं, मीही केलं.’ मोठ्या आजीने तिचा हात दोन्ही हातांत घेतला आणि सोडला नाही. ‘पण बायबलातल्या जक्कयानं घेतलेलं चौपट परत केलं होतं हं. मी एकच मागतेय.’